नागीण आणि तुझा किरकोळ खोकला

कोबर्ग, मेलबर्न
मंगळवार, ६ ऑगस्ट

तीर्थरूप डल्सीताईस,

धाकट्या नेव्हिलचा नमस्कार. तो न वाकता केलेला आहे, कारण सध्या वाकलो तर सरळ करायला दोन माणसं लागतात. तुझं पत्र पोचलं. समुद्रापलीकडच्या तुझ्या बर्नी गावाच्या थंडीतही तुझे गुडघे कुरकुरत नाहीत, रोज सकाळी लसणाच्या तीन पाकळ्या आणि माशाच्या तेलाचा चमचा चालू आहे, हे वाचून बरं वाटलं. (लसणामुळे शेजाऱ्यांनाही काहीतरी वाटत असेलच.) 'थोडा किरकोळ खोकला आहे, पण तो नैसर्गिक आहे' हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाजारात कृत्रिम खोकलेही मिळतात हे मला ठाऊक नव्हतं. ब्रॉन्विनच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, म्हणजे ३१ तारखेला, तू बोटीने येणार हे वाचून पोरगी इतकी खूश झाली, की तिने तुझी खोली आजच झाडून ठेवली.

महिनाभर मी पत्र का लिहिलं नाही आणि फोन केला की ब्रॉन्विन 'बाबा बागेत आहेत' असंच का सांगत होती, असं तू विचारलंस. पोरगी खोटं बोलत नव्हती. मी खरोखरच बागेत होतो. लिंबाच्या झाडाखाली जी कॅरव्हॅन आपण एकदा लेक्स एंट्रन्सला नेली होती आणि जिच्या छतातून तुझ्या अंथरुणात पाणी गळलं होतं, त्या कॅरव्हॅनमध्ये मी जुलैचा महिना काढला. छत अजून गळतं. का काढला ते सविस्तर सांगतो, म्हणजे बर्नीच्या चर्चमध्ये जी आवृत्ती फिरत असेल तिच्याशी ताडून बघता येईल.

सुरुवात जूनमध्ये झाली. आमच्या संशोधन संस्थेत (तू तिला अजून 'ती उंदरांची शाळा' म्हणतेस, म्हण) तिसऱ्या मजल्यावर एकोणीस विद्वान बसतात. फ्लूचा विषाणू फुफ्फुसात शिरला की अंगातल्या पांढऱ्या पेशी काय करतात, याचा ते अभ्यास करतात. आणि एकतीस वर्षं मी त्यांची काचेची भांडी धुतो. त्या आठवड्यात एक श्रीमंत देणगीदार बाई संस्था बघायला येणार होत्या. आठ दिवस तयारी चालली होती, भिंतींवर रंगीत तक्ते लागले होते. आणि बाई ज्या सकाळी यायच्या, त्या सकाळी एकोणिसातले चौदा जण फ्लूने अंथरुणात. जगाला फ्लूपासून वाचवायला निघालेले लोक एकमेकांच्या अंगावर शिंकून आडवे झालेले. उरलेल्या पाचांपैकी दोघे रजेवर आणि दोघांचा आवाज बसलेला. पाचव्या डॉक्टर थुई डांग, त्या नुकत्याच तापातून उठलेल्या, भिंतीला धरून चालत होत्या. मग देणगीदार बाईंना मजला दाखवला कोणी? मी. रबरी एप्रनमध्ये. तक्ते मी रोज पुसतो, त्यामुळे निम्मे पाठ होते. बाईंनी विचारलं, 'तुम्ही बरे आजारी पडला नाहीत?' मी म्हटलं, बाईसाहेब, एकतीस वर्षांत एक दिवस आजारपणाची रजा नाही, आणि एकही सुई नाही. दर एप्रिलला नर्स ढकलगाडी घेऊन मजल्यावर लस टोचत फिरते, तेव्हा नेमकं माझ्या धुलाईयंत्रात काहीतरी अडकलेलं असतं. बाई हसल्या. डॉक्टर थुई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या खाली माझ्या भांडी धुण्याच्या खोलीत आल्या. ही व्हिएतनामी पोरगी दिसायला चिमणीएवढी, पण प्रश्न विचारायला लागली की कस्टमवाले बरे. म्हणाल्या, 'नेव्हिल, तुमचं थोडं रक्त द्या, बघू या तुमच्यात काय एवढं आहे.' दिलं. दहा दिवसांनी त्यांनी मला वर बोलावलं आणि पडद्यावर ठिपके दाखवले. फ्लूच्या विषाणूने बिघडवलेली पेशी ओळखून तिला ठार करणाऱ्या मारेकरी पेशी माझ्या रक्तात त्यांच्या अभ्यासातल्या सगळ्या म्हाताऱ्या मंडळींपेक्षा जास्त निघाल्या. विषाणू दरवर्षी वरचा अंगरखा बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी लागते. पण या पेशी अंगरख्याला भुलत नाहीत, आतलं हाड बघतात. एवढं ऐकलं आणि मी निघालोच होतो, तर त्या म्हणाल्या, 'बसा. या पेशी फुकट येत नाहीत. तुम्हाला निदान चार वेळा फ्लू होऊन गेला आहे. तुमच्या रक्ताला तो आठवतो, तुम्हाला आठवत नाही.' मी म्हटलं, मला दर हिवाळ्यात परागकणांचा थोडा त्रास होतो, तेवढाच. त्या म्हणाल्या, 'हिवाळ्यात कसले परागकण?' मला भांडी धुवायची होती, मी खाली आलो.

पण ताई, खाली येताना माझ्या डोक्यात शिरलं ते फक्त पहिलं अर्धं. पुढचे आठ दिवस मी मजल्यावरून असा चालत होतो, की जणू माझी मिरवणूकच निघाली आहे. कोणी शिंकलं तर रुमाल न धरता त्याच्यासमोर उभा राहायचो. (त्यातल्या एकाने मला विचारलं, 'नेव्हिल, तुला काही पाहिजे का?' मला काही नको होतं, मी फक्त उभा होतो.) डॉक्टर थुईंनी जाता जाता बजावलं होतं, 'एका पहारेकऱ्याला एकच चेहरा ओळखता येतो. फ्लूचे तुमचे चांगले आहेत, याचा अर्थ बाकीचे जागे आहेत असा नाही.' पासष्टी उलटल्यावर नागिणीची लस फुकट मिळते, ती घेतली का, असंही विचारलं. मी म्हटलं, मला कशाला? हे वाक्य तुझ्या ओळखीचं असेल. आपल्या दोघांत तेवढं एक वडिलोपार्जित आहे.

आता रविवार, ७ जुलै. ब्रॉन्विनच्या मूत्रपिंडाचा दुसरा वाढदिवस. तू ऑपरेशनच्या वेळी नव्हतीस (हिरवळीवरच्या त्या तुझ्या बोल्स खेळाची जिल्हा स्पर्धा होती, मी विसरलेलो नाही), म्हणून सांगतो, आम्ही हा दिवस पाळतो. ज्या अनोळखी माणसाचं ते मूत्रपिंड, त्याच्या नावाने एक मेणबत्ती लावतो आणि मग भरपूर खातो. पोरीने कोकराची तंगडी भाजली होती, बटाटे, पुदिन्याची चटणी, सगळं. ती दिवसातून दोनदा ज्या गोळ्या घेते, त्या तिच्या पांढऱ्या पेशींना गुंगवून ठेवायच्या गोळ्या आहेत. नाहीतर त्या पेशी नव्या मूत्रपिंडाला परका समजून फाडून खातील. मूत्रपिंड सुखात राहतं, पण मग दारातून जो येईल त्याला आत सोडण्याखेरीज इलाज नाही. साधी सर्दी तिला दवाखान्यात नेते. म्हणून आमच्या दाराशी साबण, म्हणून मुलं असलेली माणसं बागेतूनच बोलून जातात, म्हणून ती चाळिशीची बाई ट्राममध्ये मास्क लावून बसते आणि लोक अजून वळून बघतात. आणि तिला लहानपणी कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या. ऑपरेशनच्या आधी त्यांची लस द्यायची ठरली होती, पण मूत्रपिंड अचानक मिळालं. ऑपरेशननंतर ती लस चालत नाही.

तीन दिवस माझ्या डाव्या बरगडीखाली कोणीतरी तापलेली इस्त्री फिरवत होतं. मला वाटलं, लाकडं फोडताना चमक भरली. मग पुरळ आलं. मला वाटलं, कोळी चावला. जेवताना मी खुर्चीत सारखा कुशीवर होत होतो, ते ब्रॉन्विनने पाहिलं आणि मी नको म्हणायच्या आत शर्ट वर करून ओला रुमाल घेऊन त्या फोडांवर हलकेच दाबत बसली. हातमोजे नाहीत, काही नाही. बापाच्या पाठीला हात लावायला कोण हातमोजे घालतं?

सोमवारी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने शर्ट वर केला, खाली केला, आणि विचारलं, 'घरी कोण असतं?' तेव्हा समजलं ती नागीण.

आता हा भाग खास तुझ्यासाठी. १९६४ साल आठवतं? तू अकरा वर्षांची, अंगभर कांजिण्या, आणि आईने मला, सहा वर्षांच्या धडधाकट पोराला, मुद्दाम तुझ्या अंथरुणात झोपवलं. का, तर दोघांचं एकदाच उरकेल. उरकलं नाही, ताई. डॉक्टर म्हणतात, कांजिण्या बऱ्या होतात पण जात नाहीत. तो विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन झोपतो आणि जन्मभर तिथेच राहतो. अंगातले पहारेकरी त्याला उठू देत नाहीत. पण पहारेकरीही पेन्शनीला येतात. साठ वर्षांनी त्यांचा डोळा लागला, आणि तू दिलेली भेट एका मज्जातंतूच्या वाटेने पाठीवरून पोटाकडे चालत आली. साठ वर्षं दुसऱ्या कोणाची एवढी आठवण मी अंगात बाळगलेली नाही. तुझ्यातही ती असणारच, कारण मूळ मालकीण तूच. लसूण तिच्यापर्यंत पोचतो का, ते मी डॉक्टर थुईंना विचारलं. त्यांनी उलट तुझं वय विचारलं.

नागिणीच्या फोडातल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. तुला-मला त्या आठ दिवस खाजल्या. ब्रॉन्विनसारखीच्या त्या फुफ्फुसात जातात, यकृतात जातात. हे मला डॉक्टरने सांगितलं नाही, ब्रॉन्विननेच सांगितलं, गाडीत बसून, इस्पितळाच्या वाटेवर, रहदारीची माहिती सांगावी तसं. मी मागे बसलो होतो, खिडक्या चारही उघड्या, बाहेर सात अंश. इस्पितळात तिला दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं टोचली. स्वतःचे पहारेकरी झोपवून ठेवलेले, म्हणून उसने आणले. पण उसने फार दिवस राहत नाहीत, आणि दर वेळी पुरतात असंही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, अंगावर एक ठिपका दिसला तरी धावत यायचं, अठ्ठावीस दिवस. ती 'बरं' म्हणाली आणि वहीत तक्ता आखायला लागली. मी त्याच दुपारी पांघरूण घेऊन कॅरव्हॅनमध्ये गेलो.

कॅरव्हॅनमधल्या दिवसांचं वर्णन करावं असं काही नाही. शर्टाचा कपडा अंगाला लागला तरी ओरडावंसं वाटायचं, म्हणून जुलैच्या थंडीत मी कमरेच्या वर उघडा, गुडघ्यांवर दोन घोंगड्या, असा बसलेला असायचो. आपली आई म्हणायची तसं शेजारच्या ग्रीक म्हातारीनेही कुंपणावरून बजावलं, की नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस संपला. मी विज्ञानसंस्थेत एकतीस वर्षं काढलेला माणूस, मी तिला हसलो आणि ती आत गेल्यावर आरशात अंतर मोजलं. (ती एकाच बाजूच्या मज्जातंतूवर चालते, सहसा दुसरीकडे जातच नाही. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मोजायची पट्टी वाचली असती.) फोडांवर खपल्या धरल्या तेव्हा दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही, घरात जा. मी गेलो नाही. माझ्यावरचा माझा विश्वास उडाला होता. ब्रॉन्विन रोज सूपचं भांडं पायरीवर ठेवायची, दहा पावलं मागे जायची आणि लिंबाच्या झाडाशी उभी राहून तापाचा आकडा सांगायची. छत्तीस पॉइंट सात. छत्तीस पॉइंट आठ. एकविसाव्या दिवशी म्हणाली, सदतीस पॉइंट सहा. आणि वर म्हणाली, 'बाबा, सूप गार होतंय.'

ताई, त्या दिवशीचं सूप मी प्यालो नाही. मी देवाशी बोललो नाही, कारण त्याच्याशी बोलायची सवय नाही. मी डॉक्टर थुईंना फोन केला, आणि माझ्या त्या नामांकित पेशी काढून तिला देता येतील का असं विचारलं. आवाज चढवला असावा. त्या म्हणाल्या, येत नाहीत, नेव्हिल, त्या तुम्हाला ओळखतात, तिला नाही; तिच्या अंगात गेल्या तर तिलाच मारतील. मग म्हणाल्या, मी येते. आल्या, कॅरव्हॅनच्या पायरीवर बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत मला त्यांच्या आजोबांच्या गोष्टी सांगत राहिल्या. फ्लूबद्दल एक अक्षर नाही. तिकडे इस्पितळाने ब्रॉन्विनला ठेवून घेतलं. दोन दिवसांनी निष्पन्न झालं की कांजिण्या नाहीत, लघवीचा साधा संसर्ग आहे. साध्या संसर्गाचा एवढा आनंद कोबर्गमध्ये आजवर कोणाला झाला नसेल.

परवा रविवारी अठ्ठावीस दिवस भरले. काल इस्पितळाने सांगितलं, टळलं. काल संध्याकाळी मी घरात आलो, हात धुतले, आणि महिन्यानंतर एका टेबलाशी जेवलो. बरगडीतली इस्त्री अजून अधूनमधून फिरते, ती काही महिने फिरेल म्हणतात. बाकी सगळं क्षेम आहे.

तुझा धाकटा भाऊ,
नेव्हिल

ता. क. येताना बर्नीहून आंबट सफरचंदं आण. आणि फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस घेऊन ये. ती अंगी लागायला दोन आठवडे लागतात, म्हणजे या आठवड्यातच घे. तुला काही होईल म्हणून नाही. तुला कधी काही होत नाही, मलाही होत नव्हतं. आणि तो नैसर्गिक खोकला डॉक्टरला दाखव. तो बरा झाला नाही तर बोटीचं तिकीट फाडून टाक, मी रागावणार नाही.

आणखी एक ता. क. तू आता म्हणशील, तू स्वतः घेतलीस का? फ्लूची काल घेतली. एप्रिलची ऑगस्टमध्ये, आणि नर्सच्या अंगावर कोसळलो, तिचा चष्मा वाकला. नागिणीची मागितली, तर म्हणाले, नागीण होऊन गेल्यावर वर्षभर थांबा. तेव्हा तुला उपदेश करणारा हा माणूस पुढच्या जुलैपर्यंत तसाच आहे. हस.

शेवटचं. मला कोळी चावल्यासारखं वाटलं असं वर लिहिलं आहे, ते शुक्रवारपर्यंत खरं होतं. शनिवारी मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला पुरळ दाखवलं. तो म्हणाला, ही नागीण दिसते, आजच डॉक्टर गाठा आणि मुलीपासून लांब राहा. खाज थांबायला मलमाची ट्यूब दिली. मी घरी आलो तर तंगडी मसाल्यात मुरत होती, मेणबत्ती आणलेली होती. मला वाटलं, उद्याचा दिवस जाऊ दे. मला वाटलं, शर्टाच्या आत आहे, कोणाला दिसणार आहे. आणि मला वाटलं, मी नेव्हिल, मी आजारी पडत नाही. ती रुमाल घेऊन बसली तेव्हा एक शब्द पुरला असता. मी 'कोळी असेल' म्हणालो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण तुझ्या पत्रात 'किरकोळ' हा शब्द आहे आणि तो मी शनिवारी दिवसभर मनात म्हणत होतो. वाचून झालं की हे पान जाळ.

पाकीट पुन्हा उघडलं आहे, चिकटपट्टी दिसेल. जाळू नकोस. मी आत जाऊन ब्रॉन्विनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, 'ट्यूबवर दुकानवाले तारीख घालतात, बाबा. तुम्ही कॅरव्हॅनमध्ये गेलात तेव्हा ती न्हाणीघरातच राहिली होती, शनिवारची तारीख घेऊन.' म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं, आणि सूप रोज येत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, 'तुम्ही सांगताय का, ते बघत होते.' मग माझ्यापुढे दुसरी सुरी आणि चार बटाटे सरकवून म्हणाली, 'आत्यालाही लिहा हे.' म्हणून लिहिलं. तेव्हा ये, नक्की ये, पण दवाखान्याचा कागद बरोबर आण, आणि त्यावरची तारीख खरी असू दे. या घरात तारखा वाचणारं माणूस आहे.